साप चावल्यानंतरचे दोन तास कुठे जातात

कृष्णाकाठच्या गावांत रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात आणि चावलाच तर ‘पान लागलं’ म्हणतात. ही भीती समजण्यासारखी आहे. पण दवाखान्यात पोचल्यावरही पेशंट किंवा घरचे लोक ‘काहीतरी किडूक चावलं’ एवढंच सांगतात, तेव्हा त्या संकोचाची किंमत मोठी पडू शकते. म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो. डॉक्टरांसमोर ‘साप चावला असावा’ असं स्पष्ट बोला. साप दिसला नसेल, नुसती शंका असेल, तरीही बोला.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे सरासरी वर्षाला ५८ हजार, असा अंदाज देशभरातल्या मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासातून निघाला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणला. औषध मात्र कित्येक दशकांपासून आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. तरी माणसं जातात, कारण माणूस आणि औषध यांची गाठ वेळेत पडत नाही. ती वेळ नेमकी कुठे जाते, ते सातारा-सांगलीच्या अंगाने पाहू.

चार साप, तीन तऱ्हा

माणूस दगावण्याइतकं विष असलेले आपल्याकडचे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकी धामण, दिवड, तस्कर, कवड्या, मांडूळ, डुरक्या घोणस हे सगळे बिनविषारी.

घोणस हा ऊसपट्ट्यातला सर्वांत मोठा धोका. कराड, वाळवा, पलूस, शिराळा भागात ऊस वर्षभर उभा असतो. पाचटात उंदीर असतात आणि उंदरामागे घोणस असते. अंगावर बदामाच्या आकाराच्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, त्रिकोणी डोकं. वाळल्या पाचटात ती इतकी मिसळून जाते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. धामणीसारखी ती पळून जात नाही. जागच्या जागी बसून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. ऊस मुळापासून तोडायचा, म्हणजे वाकून एका हाताने बुडखा धरायचा आणि दुसऱ्या हाताने कोयता घालायचा. धरणारा हात आणि दोन्ही पाय घोणशीच्या टप्प्यात असतात. तिच्या दंशाने आग होते, सूज भराभर चढते. विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. मग हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त येऊ लागतं आणि मूत्रपिंड बंद पडायला लागतं.

माळरानावरचा छोटा फुरसेही रक्तच बिघडवतो, सहसा घोणशीपेक्षा सावकाश. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून तो करवतीसारखा आवाज काढतो.

नागाचा दंश झोंबतो, जागा सुजते, पुढे तिथलं मांस काळं पडून सडू शकतं. खरा धोका नसांना असतो. पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. हे अर्ध्या तासातही सुरू होऊ शकतं.

मण्यारीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तिचा दंश ओळखताच येत नाही. ती रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात बारीक, दुखणं जवळजवळ नाही, सूज नाही. डास चावला असं वाटून माणूस कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, उलटी होते. घरचे ओवा-सोडा देतात, पित्त म्हणतात. तासाभराने पापण्या उचलेनाशा होतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि डोळे उघडायला त्रास होतोय असं म्हणाला, तर अंगावर दाताची खूण नसली तरी तो मण्यारीचा दंश धरून चाला. गावात आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाने एवढी एक गोष्ट पाठ ठेवली तरी जीव वाचतील.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात लोकांची नेहमी गफलत होते. मण्यार निळसर काळी. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. हा फरक घरात निघालेला साप लांबून पाहण्यापुरता. चावलेल्या माणसाचा उपचार यावरून ठरवायचा नाही.

औषध काय करतं, काय करू शकत नाही

सर्पविषावरचं औषध म्हणजे प्रतिविष. दवाखान्यात त्याला एएसव्ही म्हणतात. घोड्याला सापाच्या विषाची बारीक मात्रा टोचत राहिलं की त्याच्या रक्तात त्या विषाला पकडणारे घटक तयार होतात. ते वेगळे काढून, शुद्ध करून, भुकटीच्या रूपात कुपीत भरतात. भारतातलं प्रतिविष वरच्या चारही सापांसाठी एकच आहे. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची काहीच गरज नाही. त्या शोधात अर्धा तास जातो आणि कधी कधी दुसरा माणूसही चावून घेतो. मेलेल्या सापाचं तोंडही काही काळ चावू शकतं. लांबून, धोका न घेता मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक. नाही निघाला तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं. शरीरात जे मोडून झालं, ते ते जोडू शकत नाही. नागाचं विष नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. ते बरंचसं सुटू शकतं आणि निओस्टिग्मिनचं इंजेक्शनही तिथे मदतीला येतं. मण्यारीचं विष निरोप पाठवणारी नसेची टोकंच उद्ध्वस्त करतं. ती टोकं पुन्हा तयार व्हायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर माणसाला यंत्राच्या श्वासावर ठेवावं लागतं. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडाला धक्का बसला की कुपी कितीही दिल्या तरी डायलिसिस टळेल याची खात्री नाही. पहिल्या तासात दिलेल्या दहा कुप्या जे काम करतात, ते सहाव्या तासाला वीस कुप्यांनीही होत नाही.

वेळ जाते ती ठिकाणं

पहिलं ठिकाण गावातच असतं: मांत्रिक, अंगारा, देवळात नेऊन बसवणं, जखमेला कोंबडीची पिल्लं लावणं, कडुलिंबाचा पाला खायला देऊन तो कडू लागतो का पाहणं. यातून माणसं बरी होताना गावाने पाहिलेली असतात आणि ते खोटं नाही. पण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी बऱ्याचदा तो विष सोडतच नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. अशी माणसं काहीही न करता बरी झाली असती. खरं विष उतरलेला माणूस मांत्रिकाकडून दवाखान्यात येतो तेव्हा दोन-तीन तास गेलेले असतात. मांत्रिकाशी वाद घालण्यात आणखी वेळ घालवू नका. मंत्र म्हणायचाच असेल तर गाडीत बसून म्हणू दे, गाडी दवाखान्याकडे चालती राहू दे.

दुसरी वेळ जाते हाताळण्यात, आणि इथे नुकसानही होतं. करकचून बांधलेल्या दोरीने विष खात्रीने थांबत नाही. रक्तपुरवठा तुटतो, सुजलेला हात-पाय काळा पडतो. कुणी आधीच बांधली असेल तर रस्त्यात एकदम सोडू नका. अडलेलं विष एकाच वेळी अंगात जाऊ शकतं, म्हणून ती दवाखान्यात, औषधाची तयारी झाल्यावर, डॉक्टरांनी सोडायची. ब्लेडने चिरा देणं घोणशीच्या दंशात जिवावर बेतू शकतं, कारण ते रक्त थांबत नाही. तोंडाने चोखणं, बर्फ, विजेचा झटका, मिरची, दारू यातलं काहीही नको.

करायचं ते थोडं आहे. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, हातातला दोरा लगेच काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोट कापावं लागू शकतं. चावलेला हात-पाय लाकडाच्या पट्टीला, नाही तर उसाच्या दोन कांड्यांना कापडाने सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. माणसाला चालवू नका. स्नायू हलले की विष वेगाने पसरतं. पापण्या मिटायला लागल्या किंवा उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ आणि उलटी श्वासनळीत जाणार नाही. पोटात काही देऊ नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा. सूज कुठवर आली तिथे पेनने रेघ मारून शेजारी वेळ टाका. डॉक्टरांना त्या रेघेवरून पुष्कळ कळतं.

तिसरी वेळ रस्त्यात. १०८ ला फोन करा. पण गाडी यायला अर्धा तास लागणार असेल आणि दारात जीप उभी असेल तर थांबू नका. मोटारसायकल हाच उपाय असेल तर पेशंट मध्ये, त्याला धरून बसणारा तिसरा मागे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली-तापोळ्याकडच्या गावांत लाँचशिवाय पलीकडे जाता येत नाही. तिथे रात्री लाँच कोण काढणार हे पावसाळ्याआधीच ठरलेलं असावं. जतच्या पूर्वेकडच्या वाड्यांना पाणी आडवं येत नाही, पण अंतर येतं.

रस्त्यात वेळ जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे चुकीचा दवाखाना. जवळच्या खासगी डॉक्टरकडे प्रतिविष नसतं. सलाईन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन तास जातो. शिवाय रक्त पातळ झालेल्या माणसाला स्नायूत सुई टोचली की तिथेच रक्त साचतं. थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा.

आरोग्य केंद्रातली पहिली दहा मिनिटं आणि नंतरची वीस

चौथी वेळ जाते ती आरोग्य केंद्रात, आणि आमच्या मते ती सर्वांत टाळण्यासारखी आहे. पेशंट येतो, कपाटात कुप्या असतात, तरी ‘पुढे घेऊन जा’ अशी चिठ्ठी मिळते. यामागे बहुधा निष्काळजीपणा नसून भीती असते. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनतं, त्यामुळे काहींना त्याची रिअॅक्शन येते. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, थंडी वाजते, रक्तदाब घसरतो, दम लागतो. रात्री एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरला याची धास्ती वाटणं साहजिक आहे. पण या रिअॅक्शनवरचं औषध, अॅड्रेनालिन, त्याच केंद्रात असायला हवं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. प्रतिविषाचं सलाईन थांबवायचं, अॅड्रेनालिन द्यायचं, माणूस सावरला की पुन्हा हळूहळू सुरू करायचं. अॅड्रेनालिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं की निम्मी भीती जाते.

डॉक्टर आधी श्वास आणि नाडी पाहतात, नंतर नसांच्या खुणा: पापण्या उचलतात का, मान उशीवरून वर उचलता येते का, एका दमात किती आकडे मोजता येतात. रक्ताची चाचणी फार साधी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. शिरेतून २ मिलिलिटर ताजं रक्त काढून काचेच्या कोरड्या, स्वच्छ, नव्या नळीत ठेवायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला लागतं. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. चुकीची नळी वापरली की चुकीचा निकाल येतो आणि विनाकारण कुप्या जातात.

लक्षणं असतील तर सुरुवात साधारण ८ ते १० कुप्यांनी होते. प्रत्येक कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती अलगद फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. नंतर सलाईनमधून साधारण तासाभरात द्यायचं. लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या. मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. चावलेल्या जागी प्रतिविष टोचायचं नाही. रक्ताची चाचणी दर ६ तासांनी पुन्हा करतात, कारण यकृताला गोठवणारे घटक नव्याने बनवायला साधारण एवढा वेळ लागतो. तेव्हाही रक्त पातळ असेल तर आणखी कुप्या. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात थोडं बदलतं आणि प्रतिविषासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आलं आहे. आपल्याकडच्या काही पेशंटला जास्त कुप्या लागण्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

पहिल्या कुप्या सुरू करून मगच पेशंटला सातारा, कराड, सांगली किंवा मिरजेला हलवणं, सोबत श्वासाची पिशवी आणि ती दाबणारा माणूस देणं, हे बरोबर. हाताने दाबायच्या त्या पिशवीला अँबू बॅग म्हणतात. तिच्यावर मण्यारीचा पेशंट व्हेंटिलेटरपर्यंत जिवंत पोचू शकतो. पापण्या मिटलेला, हालचाल थांबलेला माणूस मेला असं समजून रस्त्यातून परत फिरू नका. तो आतून सगळं ऐकत असू शकतो.

याच्या उलट गैरसमजही आहे. लक्षणं नसतील तर प्रतिविष देत नाहीत आणि मग ‘साप चावला तरी इंजेक्शनच दिलं नाही’ म्हणून नातेवाईक डॉक्टरांवर चिडतात. बिनविषारी किंवा कोरड्या दंशात ते देणं म्हणजे रिअॅक्शनचा धोका फुकट ओढवून घेणं. अशा वेळी २४ तास नजरेखाली ठेवणं हाच उपचार. मण्यारीचं विष काही तास गप्प बसतं, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणत रात्रीच घरी नेऊ नका.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या जंगलात चापडा हा हिरवा साप झुडपात, हाताच्या उंचीवर असतो. त्याच्या विषावर हे प्रतिविष चालत नाही. वेदना आणि सूज मोठी असते, जीव क्वचित जातो. तरी दवाखाना हवाच.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर तो घोड्याच्या प्रथिनांवरचा उशिराचा प्रतिसाद असू शकतो. त्यावर औषध आहे. घोणशीच्या पेशंटने लघवीचं प्रमाण आणि मूत्रपिंडाची तपासणी काही आठवडे सोडू नये.

रात्रीची वीज आणि जमिनीवरची झोप

दंश कुठे होतात ते पाहिलं की लोकांच्या बेफिकिरीला दोष द्यावासा वाटत नाही. कृषिपंपाला वीज आठ-दहा तास आणि ती पाळीने दिवसा किंवा रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बारा वाजता उसात दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला उतरतो. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाइलचा मिणमिणता उजेड, पाय उघडे. त्याच वेळी घोणस आणि मण्यारही बाहेर पडलेली असतात. म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून मिळणारी दिवसाची वीज हा आम्हाला आरोग्याचाही प्रश्न वाटतो. ती तुमच्या फीडरवर पोचेपर्यंत गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट, डोक्याला बांधायची बॅटरी आणि पुढे आपटत चालायला काठी. साप आवाजापेक्षा जमिनीची थरथर चांगली ओळखतो.

बीडसह मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना हे सांगणं सोपं, करणं अवघड. त्यांच्या कोपीत खाट नसते, मुलं मातीवर झोपतात, बाजूला वाढ्यांचा ढीग असतो. त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून. मण्यार आत शिरत नाही. दर कुटुंबामागे एक-दोन मच्छरदाण्या हा कारखान्याला किंवा मुकादमाला जड जाणारा खर्च नाही.

घरात जळणाचा ढीग आणि वैरण भिंतीला टेकवून ठेवू नका. धान्याच्या पोत्यांभोवतीचे उंदीर कमी झाले की सापही कमी होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याबरोबर साप घराघरांत चढले. पूर ओसरल्यावर गाळ काढताना हात घालू नका, खोरं आणि काठी वापरा. घरात साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आपल्या अभिमानाची, पण न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नाग पकडून मिरवण्यावर बंदी आली. तिथले जाणते लोकही साप हाताळायला अनुभव लागतो असंच सांगतील.

दुर्दैवाने मृत्यू झालाच तर पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशही येतो. शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याच्या मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा आणि कागद नसले की तो अडतो.

हे सगळं मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी बोलण्याचं आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: प्रतिविषाच्या किमान दहा कुप्या आज आहेत का आणि त्यांची मुदत कधी संपते? काचेच्या नव्या नळ्या आहेत का? अॅड्रेनालिन, निओस्टिग्मिन, अँबू बॅग कुठे ठेवली आहे आणि रात्री त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? मिळालेली उत्तरं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि त्याखाली, रात्री दोन वाजता जीप काढायला तयार असलेल्या दोघांचे फोन नंबर.